ओहतानीच्या मागे कोण?

मंडळी, विषय पत्रिकेवर छापलेला आहे: बेसबॉलमध्ये बॅटिंग ऑर्डरने फरक पडतो का? उत्तर आत्ताच सांगून टाकतो. पडतो, पण आपण शोधतो तिथे नाही. आपली भांडणं असतात पहिला कोण आणि चौथा कोण यावर. भांडायला हवं ते कोणाच्या मागे कोण उभा आहे, यावर.

2025 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना इथल्या बहुतेकांनी जागून पाहिला असणार. 27 ऑक्टोबर, डॉजर स्टेडियम, 18 इनिंग (नेहमीच्या नऊच्या दुप्पट), 6 तास 39 मिनिटं. लॉस एंजेलिस डॉजर्सचा ओहतानी पहिल्या क्रमांकावर. पहिल्या चार खेपांत, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्यांत, दोन डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) आणि दोन होम रन (चारही बेस फिरून थेट रन देणारे). त्यातल्या दुसऱ्या होम रनने सातव्या इनिंगमध्ये 5-5 अशी बरोबरी झाली. मग टोरांटोचे मॅनेजर जॉन श्नायडर यांनी ठरवलं, बस. नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि पंधराव्या इनिंगमध्ये त्याला मुद्दाम वॉक. चार चेंडू झोनच्या (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या) बाहेर पडले की बॅटरला पहिला बेस फुकट, तो वॉक. 2017 पासून त्यासाठी चार चेंडू टाकण्याचीही गरज नाही, डगआउटमधून हाताने खूण केली की काम झालं. सतराव्या इनिंगमध्ये पिचरने चेंडू टाकले, पण चारही बाहेर. एका सामन्यात नऊ वेळा बेसवर! पोस्टसीझनमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, हे आधी कोणालाही जमलेलं नव्हतं.

आणि या पाच वॉकमधून डॉजर्सना मिळालेले रन? शून्य. ओहतानीच्या मागे मुकी बेट्स होता आणि त्या मालिकेत त्याची बॅट चालत नव्हती. श्नायडर यांचा निर्णय भित्रेपणाचा होता, असं म्हणणारे अजून भेटतात. मला तो साफ बरोबर वाटतो. सामना शेवटी फ्रेडी फ्रीमनने अठराव्या इनिंगच्या सुरुवातीलाच होम रन मारून 6-5 असा संपवला, पण तोवर ओहतानीची बॅट खांद्यावरून खाली येऊ न देण्याचा डाव अख्ख्या नऊ इनिंग यशस्वी झाला होता.

आता कोणीतरी बिली मार्टिनची टोपी काढणारच, म्हणून ती आधी मीच काढतो. 13 ऑगस्ट 1972, डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध क्लीव्हलँड. टायगर्सना रन मिळत नव्हते. त्यांचे मॅनेजर मार्टिन यांनी बॅटरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि निघतील त्या क्रमाने कार्डावर लिहिल्या. नॉर्म कॅश, संथ पायांचा, होम रन मारणारा पहिला बेसमन, आला पहिल्या क्रमांकावर. एडी ब्रिंकमन, उत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) पण त्या हंगामात सरासरी जेमतेम .200, म्हणजे दहात दोन हिट, आला चौथ्यावर, म्हणजे क्लीनअपच्या मानाच्या जागेवर. आणि टायगर्स जिंकले, 3-2.

गेली पन्नास वर्षं ही गोष्ट ‘क्रम म्हणजे थोतांड’ याचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे. पहिली गोष्ट, एका सामन्याने काहीच सिद्ध होत नाही. बेसबॉलमध्ये सगळ्यात वाईट संघसुद्धा साधारण चारातला एक सामना जिंकतो. दुसरी गोष्ट मोलाची आहे. क्रिकेटमध्ये सलामीवीर बाद झाला की त्याचा दिवस संपतो. इथे नववा झाला की पुन्हा पहिला येतो, आणि इनिंग जिथे थांबली तिथूनच पुढची सुरू होते. म्हणजे कार्ड ही शिडी नाही, गोल साखळी आहे. सुरुवात कुठून होणार हे फक्त पहिल्या इनिंगपुरतं पक्कं. तिथून पुढे ‘चौथा’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. उरतो तो शेजार. टोपीने कॅशला पहिला केलं म्हणून काही बिघडलं नाही. टोपी धोक्याची होती ती शेजार मोडते म्हणून. आणि त्या वर्षी टायगर्सनी डिव्हिजन (आपला गट) बॉस्टनवर अवघ्या अर्ध्या सामन्याच्या फरकाने जिंकली! अशा वर्षात कुठलीही गोष्ट क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही.

कार्ड निघालंच आहे तर हेही ऐका, कारण नियम पाठ असलेले लोकसुद्धा इथे अडखळतात. 9 मे 2018, सिनसिनाटी. अंपायरकडे दिलेल्या न्यूयॉर्क मेट्सच्या कार्डावर दुसरा काब्रेरा आणि तिसरा फ्लोरेस. खेळले मात्र उलट. पहिला आउट झाला, मग फ्लोरेस आला आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला. सिनसिनाटीचे मॅनेजर जिम रिगलमन गप्प. गप्प का? तेव्हा अपील केलं असतं तर नियमाने काब्रेरा आउट, फ्लोरेस पुन्हा बॅटिंगला, आणि आउट तेवढेच दोन. फायदा काहीच नाही. मग काब्रेरा आला. त्याला पहिला चेंडू पडला त्या क्षणी फ्लोरेसची चुकीची खेप कायदेशीर झाली, म्हणजे आता फ्लोरेसनंतरचा, चौथा जे ब्रूस, याची पाळी. काब्रेराने डबल मारला. पुढच्या बॅटरला चेंडू पडायच्या आत रिगलमन अंपायरकडे गेले. डबल रद्द, बॅट न लावता ब्रूस आउट, तीन आउट झाले म्हणून इनिंग संपली. मेट्स तो सामना दहाव्या इनिंगमध्ये 2-1 असा हरले. म्हणून शाळेच्या संघाचं कार्ड लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: अंपायरला द्यायचं कार्ड आणि डगआउटमध्ये लावायचा कागद, दोन्ही समोरासमोर धरून एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने बोट ठेवून तपासावं. नंतर कोणी बदलला तर दोन्हीकडे खोडावं.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. मूळ हिशोब आता भरभर मांडतो.

हंगामात 162 सामने, क्रमात नऊ जागा. क्रमात एक जागा खाली गेलात की वर्षाला सुमारे 18 खेपा कमी, साधा भागाकार आहे. पाचव्यावरून पहिल्यावर आलात तर 72 जास्त. तो बॅटर शंभरात 40 वेळा बेसवर पोचणारा आणि त्या खेपा एरवी ज्याला गेल्या असत्या तो 32 वेळा पोचणारा, असं धरा. 72 खेपांत फरक सहा वेळा बेसवर पोचण्याचा. आउट होण्याऐवजी वॉकने बेस मिळवण्याची किंमत ढोबळमानाने अर्ध्या रनच्या थोडी वर. म्हणजे वर्षाला तीन-चार रन. दहा रनला एक विजय, हा नेहमीचा ठोकताळा. तेव्हा एका बॅटरच्या जागेची किंमत विजयाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. थोडी आहे, पण फुकट मिळते.

तिसऱ्या जागेचा मान उगाच वाढवलेला आहे. पहिले दोघं शंभरात 32 वेळा बेसवर पोचणारे असतील, तर 46 टक्के सामन्यांत तिसरा पहिल्यांदा येतो तो दोन आउट आणि बेस रिकामे असताना. सर्वोत्तम बॅटर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवा. काइल श्वार्बरची 2023 ची सरासरी (हिच्यात वॉक धरत नाहीत) .197 होती, तरी फिलाडेल्फिया फिलीजनी त्याला बहुतेक सामने पहिल्यावरच खेळवलं. कारण त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण .343 होतं, वर 47 होम रन.

डावरा-उजवा हे आलटून-पालटून ठेवण्यालाही कारण आहे. डावऱ्या पिचरसमोर डावा बॅटर सहसा अडखळतो. 2020 पासून बदली पिचरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात किंवा इनिंग संपवावी लागते. ओहतानी डावा, बेट्स उजवा, फ्रीमन डावा असं असलं की एकट्या ओहतानीसाठी डावरा पिचर आणणं महाग पडतं. शेजार म्हणतो तो हाच.

आणि 2025 च्या त्याच मालिकेत डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी तो शेजार बदललाच. पाचव्या सामन्यात विल स्मिथ दुसऱ्यावर, बेट्स तिसऱ्यावर. तो सामना गेला. सहाव्यात बेट्स आणखी एक जागा खाली, चौथ्यावर. तिसऱ्या इनिंगमध्ये डॉजर्सचा एडमन डबल मारून दुसऱ्या बेसवर. टोरांटोने ओहतानीला पुन्हा मुद्दाम वॉक दिला. पण आता मागे स्मिथ होता, त्याने डबल मारून एडमनला आणलं. फ्रीमनला वॉक, बेस भरले, आणि थंड पडलेल्या बेट्सने सिंगल मारून दोन रन आणले. डॉजर्सचे तीनही रन तेवढेच, निकाल 3-1.

सातवा सामना, नववी इनिंग, एक आउट, डॉजर्स एका रनने मागे. बॅटिंगला मिगेल रोहास, क्रमातला शेवटचा. पण साखळीत त्याच्यानंतर ओहतानी येतो. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाले, म्हणजे आणखी एक चेंडू बाहेर पडला की वॉक. रोहासला वॉक देऊन ओहतानीसमोर बरोबरीचा रन बेसवर ठेवायचा? कोणता पिचर तयार होईल? चेंडू झोनमध्ये आला आणि रोहासने तो डाव्या बाजूला प्रेक्षकांत धाडला, 4-4. अकराव्या इनिंगमधला 5-4 करणारा होम रन स्मिथचा. ओहतानीच्या अलीकडे रोहास, पलीकडे स्मिथ.

प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलापाशी घेऊ, इथे पुढचा कार्यक्रम सुरू व्हायचा आहे.