बागेतला राखणदार

(पहाट. रत्नागिरीजवळची हापूसची बाग. मांगरातून, म्हणजे बागेतल्या खोपटातून, धूर निघतोय.)

मे संपत आला. कलमांवरचा शेवटचा आंबा उतरतोय. आंबा काढायची घळ धरलेले हात नेपाळचे आहेत. दिवाळीच्या आगेमागे ही माणसं कोकणात येतात. फवारणी, रात्रीची राखण, दिवसभर माकडांच्या मागे धावणं. बागायतदाराचा मुलगा? तो मुंबईला. येतो गणपतीला. कोकणातला माणूस गेला, त्याची जागा नेपाळ्याने भरली. मग नेपाळात त्याची जागा कोण भरतं?

(पश्चिम नेपाळ. डोंगरउतारावरची शेतं.)

कमवायला परदेशी जाणाऱ्याला नेपाळीत जुना शब्द आहे, लाहुरे. लाहोरला जाऊन रणजितसिंहांच्या फौजेत भरती झालेला, तो लाहुरे. आता लाहोरच्या जागी कतार, सौदी, मलेशिया. भारतात यायला मात्र व्हिसा लागत नाही. त्यामुळे एजंटाचे पैसे ज्याला परवडत नाहीत, तो आखाताऐवजी इकडची वाट धरतो.

बाहेरून येणारी ही कमाई नेपाळच्या जीडीपीच्या साधारण पाव हिश्श्याएवढी आहे. १९९६ ते २००६ हा देश यादवीत होरपळत होता, आणि गंमत बघा, गरिबी त्याच काळात घटली. १९९५-९६ साली शंभरात ४२ जण गरीब होते, २००३-०४ साली ३१. अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा या घटीचा जवळपास पाचवा हिस्सा कामासाठी घर सोडणाऱ्यांच्या खात्यावर निघाला.

(बाजार. दुकानात टांगलेले मोबाइल, तांदळाची पोती.)

हा पैसा जातो कुठे? आधी सावकाराकडे. मग किराणा, पोरांची इंग्रजी शाळा, घरावर नवे पत्रे. यातला कितीतरी माल भारतातून नाहीतर चीनमधून आलेला. पैसा घरात येतो आणि भारताच्या सीमेवरच्या वीरगंजच्या नाक्यावरून पुन्हा बाहेर पडतो. नाक्यावर सरकारला आयातशुल्क मिळतं, म्हणून कारखाने उभारायची घाई सरकारलाही नसावी, असं आपलं मला वाटतं. एके काळी तांदूळ बाहेर विकणारा हा देश आज तो विकत घेतो.

वरच्या वाड्यांमधली शेतं पडीक पडलीत. बाईने नांगर धरू नये, ही तिकडची जुनी रीत. पण गडीच नसेल तर रीत किती दिवस पाळायची? काही ठिकाणी बायकांनी नांगर हाती घेतलाय.

काठमांडूच्या विमानतळावर जाणाऱ्यांची रांग लागलेली असते. आखातातून शवपेट्याही तिथेच उतरतात.

(पुन्हा बाग. मांगराला कुलूप.)

आंबा संपला. हिशेब झाला, उचल वजा झाली. नेपाळात असारच्या १५ तारखेला, म्हणजे जूनच्या अखेरीस, भातलावणीचा सण असतो. चिखलात उतरतात, दही-पोहे खातात. तोवर गावी पोचायचं म्हणून तो घाईत आहे. दिवाळीला पुन्हा येईन, असं बागायतदाराला सांगून निघालाय.