ओटीपी माळावर येतो

(दृश्य : कणकुंबीकडचा रस्ता, मुसळधार पाऊस)
कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याचा हा पश्चिम भाग. मलप्रभा उगम पावते ती इथेच. पलीकडे भीमगडचं जंगल, २०११ पासून अभयारण्य. जंगलातल्या वाड्यांवरची पोरं डिग्रीला खानापूर नाहीतर बेळगाव गाठतात. आम्ही फिरलो त्या घरांत कॉम्प्युटर कुठे दिसला नाही. मोबाइल होते. रेंज नव्हती.

(दृश्य : खानापूर, झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग)
प्रवेशाचे दिवस. २०२१-२२ पासून राज्यातल्या विद्यापीठांचे प्रवेश यूयूसीएमएस या पोर्टलवरून होतात. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचेही. या मुलीची बारावी झालीय. दुकानदार आधार नंबर टाकतो आणि विचारतो, "मोबाइल कुणाचा जोडलाय?"
वडिलांचा.
ओटीपी वडिलांच्या फोनवर जाणार, आणि फोन वाडीवर. म्हणून सकाळीच ठरलंय : अकराला बाबांनी माळावर चढायचं. पण इथे रांग आहे, मध्येच लाईट गेली, मग सर्व्हर अडकला. साडेबारा वाजले.

(दृश्य : माळ, इरलं पांघरलेले वडील, हातात बटणांचा फोन)
ते अजून उभेच आहेत. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. रेंजची एक काडी येते, जाते.
"बाबा, आला काय मेसेज?"
"आलाय की. लिहून घे."
वडील एकेक आकडा वाचतात. पाऊस वाजतोय, चौथा आकडा परत विचारावा लागतो. पोर्टलवर हिरवी खूण उमटते. मग ईमेलचा ओटीपी. हिचा ईमेल दुकानदारानंच आत्ता काढून दिलाय. पासवर्ड पावतीच्या मागे लिहिलाय.
मुदत टळली की वर्ष गेलं.

(दृश्य : बसच्या खिडकीतून मच्छे, विद्यापीठाचं फाटक)
खानापूरहून बेळगावला जाताना हे लागतं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, स्थापना १९९८. कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा कारभार इथून चालतो. आणि याच जिल्ह्याच्या रानात एका मेसेजसाठी माणूस डोंगर चढतो.

(दृश्य : वाडीवरून दिसणारा डोंगर)
जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या २४,६८० गावांत फोर-जी पोचवायची योजना मंजूर केली. काम बीएसएनएलकडे. अभयारण्यात टॉवर म्हटला की वनखात्याची परवानगी आली. ती द्या. झाडं न तोडता रस्त्याकडेला जागा आहे, वाडीतल्या लोकांनी ती आम्हाला दाखवलीही.