साठ की आठ?

(दृश्य: आयसीयू, रात्री आठची ड्यूटी-बदली. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सक्शन यांचे आवाज तसेच राहू द्यावेत.)

इंदूरच्या वॉर्डात ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची रुग्णांची माहिती, हिंदीत दिला जातो आणि घरी रामबागेत बोलणं मराठीत होतं. आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच: साठ आणि आठ. दोन्ही शब्दांत फरक आहे तो एका 'स'चा. 'स' हा उंच पट्टीचा, बारीक आवाज. गोंगाटात तोच आधी बुडतो, आणि आवाजाने कान खराब व्हायला लागले की आधी जातो तोही हाच. औषधाच्या डोसमध्ये ही चूक परवडत नाही.

वॉर्डात साधारण ५० ते ७० डेसिबल आवाज असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात वॉर्डासाठी रात्रीची मर्यादा ३० आहे. तरी एवढ्या आवाजाने कान जात नाहीत. डोकं दुखतं, लक्ष उडतं, अलार्मकडे दुर्लक्ष व्हायला लागतं. कानांना खरा धोका आठ तासांना ८५ डेसिबलपासून सुरू होतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन.

(दृश्य: प्लास्टर रूम. कटर चालू.)

हा आकडा गाठणाऱ्या जागा मोजक्याच. त्यातली पहिली ही. प्लास्टर कटर कानाजवळ ९० च्या आसपास जातो. दिवसाला दहा प्लास्टर, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे तासभर झाला. दिवसाच्या मर्यादेचा सुमारे चाळीस टक्के भाग इथेच संपतो. पातं बोथट असेल तर वेळ वाढतो आणि हात दाबून धरावा लागतो. खोली लहान आणि चारी बाजूंनी टाइल्स असतील तर दोन पावलं मागे सरकूनही फारसा फरक पडत नाही, कारण आवाज भिंतींवरून परत येतो. म्हणून पातं वेळेवर बदला, आणि कापणाऱ्याबरोबर पाय धरणाऱ्या सिस्टरनेही इअरप्लग घालावा.

फोमचा प्लग नुसता कानात खुपसून उपयोग नाही. स्वच्छ हातांनी तो वळून बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. समोरून पाहताना तो बराच बाहेर दिसला तर नीट बसलेला नाही.

सीएसएसडीत, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करण्याच्या विभागात, नळीने हत्यारं वाळवताना सुटणारी दाबाची हवा आणि जनरेटर रूम, इथेही हेच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर ८५ ओलांडले असं समजा.

आयसीयूत मात्र प्लग घालू नका, अलार्म ऐकू यायलाच हवा. तिथे आवाज मुळाशी कमी करायचा. फुकट वाजणारे कितीतरी अलार्म छातीवर चिकटवलेल्या, सुकलेल्या ईसीजी इलेक्ट्रोडमुळे येतात. ते रोज बदला, आधी कातडी साबण-पाण्याने पुसून कोरडी करा. स्पिरिटने ती जास्त सुकते. अलार्मच्या मर्यादा डॉक्टरांना विचारून त्या रुग्णापुरत्या ठरवा. वापरात नसलेलं सक्शन आणि ऑक्सिजनचा फ्लोमीटर बंद करा. त्यांची फुसफुस रात्रभर चालते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

(दृश्य: ऑडिओमेट्रीची खोली.)

नोकरीच्या सुरुवातीला एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, मग वर्षाला एक. आधी चौदा तास गोंगाटापासून दूर राहा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पाहून दुसऱ्या सकाळी तपासणीला जाऊ नका, तात्पुरता बधिरपणा खऱ्यात मोजला जाईल. आवाजाने झालेल्या इजेचा खड्डा बहुधा ४००० हर्ट्झजवळ दिसतो. २०००, ३००० आणि ४००० ची सरासरी पहिल्यापेक्षा १० डेसिबलने घसरली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. जेंटामायसिन किंवा अमिकासिन घेतलं असेल तर तेही सांगा, ही औषधंसुद्धा कानाला इजा करतात.

(दृश्य: पुन्हा ओव्हर. कागदावर आकडा.)

आणि ओव्हर देताना नुसतं साठ म्हणू नका. 'साठ, सहा शून्य' म्हणा. घेणाऱ्या सिस्टरनेही ते परत म्हणून दाखवावं.