एक पाय लहान, एक पाय मोठा

नमस्कार मंडळी. आज पाठीच्या कण्याबद्दल बोलायचंय, पण मोठ्यांच्या नाही, पोरांच्या.

दाव्याला बांधलेलं वासरू डोळ्यापुढे आणा. आपल्या कण्यातून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली येणारी नसांची जाड दोरी, जातो, त्याचं खालचं टोक मोकळं असतं, बाळ वाढतं तसा कणा भराभर लांबतो आणि हे टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी येऊन थांबतं. काही मुलांत मात्र ते खालीच अडकून राहतं, चरबीच्या गाठीला नाहीतर जाड झालेल्या एका दोऱ्याला. वासरू वाढतंय आणि दावं तेवढंच. मग ओढ बसते आणि पायाच्या, लघवीच्या, शौचाच्या नसा दुखावतात. याला टेदर्ड कॉर्ड म्हणतात, आणि टेदर म्हणजे दावंच.

आता मी बालरोगाची डॉक्टर, तालुक्याच्या गावात माझी प्रॅक्टिस, तिथली एक मुलगी मी कधी विसरणार नाही, तिचंच सांगते.

अकरा वर्षांची, सहावीतली. आई घेऊन आली ती अंथरूण ओलं होतं म्हणून. म्हणाली, बाई, तीन वर्षांची असल्यापासून कोरडी होती हो, गेल्या दिवाळीपासून परत सुरू झालंय. जंताचं औषध झालं, अंगारा झाला, संध्याकाळी सहानंतर पाणी बंद करून झालं, आणि खरं सांगायचं तर मारूनही झालं. पोरगी खाली मान घालून फ्रॉकचा काठ चुरगळत बसलेली. (झोपेत शू झाली म्हणून मूल मारायचं नसतं हो, कधीच नाही, ते मुद्दाम करत नाही.)

बरं. तर मी सहज म्हटलं, बाळा, चप्पल काढ बघू. आई लगेच म्हणाली, तिच्या चपलेचं नका विचारू, दर जूनला दोन जोड घ्यावे लागतात, डावा पाय दोन नंबरने लहान आहे, उरलेल्या दोन चपला घरात तशाच पडून राहतात. इतकी वर्षं कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, असतात एकेकाचे पाय तसे म्हणून सोडून दिलेलं.

माझ्या दवाखान्यात शहाबादी फरशी आहे. मी तिला मोरीत पाय ओले करून फरशीवरून चालायला लावलं. उजव्या पावलाचा ठसा भरलेला, नीट. डाव्याची नुसती टाच आणि बोटं, मधे फरशी कोरडी ठक्क! तळवा मधे कमानीसारखा वर उचललेला, बोटं आत वळलेली. ते ओले ठसे मला आजही दिसतात.

मग आईला जवळ उभं करून पाठ बघितली. कमरेच्या खाली, चड्डीच्या इलॅस्टिकच्या जरा वर, मधोमध केसांचा झुपका, चांगला बोटभर लांब. आजी म्हणायची मारुतीरायाचा प्रसाद आहे, रोज अंघोळीनंतर त्याला तेल लावायची, मायेनं लावायची बिचारी, तिचा काय दोष. पण अकरा वर्षांत ताप-खोकल्यासाठी किती डॉक्टरांकडे गेली असेल ती, पाठ मात्र एकानेही उघडून बघितली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

एमआरआयमधे मज्जारज्जूचं टोक कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत खाली, आणि शेवटचा दोरा चरबीने जाड झालेला. न्यूरोसर्जननी ऑपरेशन करून दावं सोडवलं. अंथरूण कोरडं व्हायला काही महिने गेले, पण झालं. पाय मात्र लहानच राहिला, कारण नस एकदा दुखावली की सगळंच परत येतं असं नाही.

वेळ थोडा राहिलाय, म्हणून भराभर सांगते. पाठ बघा, पाय बघा, लघवीचं विचारा. पाठीवर कमरेखाली मधोमध केस, चरबीची मऊ गाठ, लाल डाग, नाहीतर ढुंगणाच्या फटीच्या वरच्या बाजूला खळगा दिसला तर दाखवा. फटीतच लपलेली छोटी खळगी बहुतेक वेळा साधी असते, आणि आपल्याकडच्या बाळांना ढुंगणावर निळसर डाग असतात त्यांनी घाबरू नका. कोरडं झालेलं मूल परत ओलं करायला लागलं, लघवीत सारखं इन्फेक्शन, हट्टी बद्धकोष्ठ, चालताना अडखळणं, पाठ वाकडी होणं, आणि वयात येताना उंची भरभर वाढते तेव्हा खेळून आल्यावर कंबर-पाय दुखणं, यातलं काही असेल तरी दाखवा.

बाळ पहिल्या तीन महिन्यांचं असेल तर पाठीची सोनोग्राफी चालते, कारण हाडं अजून मऊ असतात. मोठ्याला एमआरआयच लागतो, साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. लघवीच्या पिशवीचा दाब मोजायची टेस्टही करतात. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, तिथे मोफत दाखवता येतं, लाजू नका, पाठ दाखवायचीय म्हणून सांगा. परत म्हणते, पाठ, पाय, लघवी.

आणि ज्यांच्या बाळाचं जन्मल्यावर पाठीवरच्या फुग्यासारख्या गाठीचं ऑपरेशन झालंय त्यांनी तर जास्तच लक्ष ठेवा, तिथे दावं पुन्हा चिकटू शकतं, उंची वाढायच्या वयात खास करून, त्यामुळे मूल बरं दिसतंय म्हणून वर्षाची तपासणी चुकवू नका. नमस्कार.