आधी थर्मामीटर, मग उंदीर

(दृश्य: कोथरूडमधला फ्लॅट, रात्र. काचेची टाकी. चिमट्यात पांढरा उंदीर.)

निवेदन:

चिमटा फूटभर लांब आहे. त्यातला उंदीर मेलेला आहे, पण गार नाही. कॅमेरा जरा सापाच्या तोंडाजवळ नेऊ. वरच्या ओठावर बारीक खळग्यांची रांग दिसतेय? समोरच्या वस्तूची ऊब बॉल पायथनला या खळग्यांतून कळते, अगदी मिट्ट काळोखातही. जीभ दोन-तीनदा लवलवली. वास टाळूतल्या इंद्रियापर्यंत पोचला. ऊब जुळली, वास जुळला, आणि झडप. आता वेटोळी आवळली जातील. मग तो उंदराचं डोकं शोधेल आणि तिथूनच गिळायला लागेल, म्हणजे पाय आणि केस अंगाबरोबर सपाट होत आत जातात.

पाळीव सापांच्या खाण्यातल्या बहुतेक विचित्र गोष्टींचं मूळ या दोन खुणांमध्ये सापडतं. एकतर ऊब चुकलेली असते, नाहीतर वास.

(दृश्य: झिप पिशवीत उंदीर, कोमट पाण्याचं भांडं.)

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, आणि उपास करण्यात पटाईत. कात टाकायची वेळ आली, डोळे निळसर-धुरकट झाले, की तो तोंड फिरवतो. प्रजननाच्या हंगामात मोठे नर तर काही महिने उंदराकडे बघतही नाहीत. म्हणून आधी वजनकाटा काढा. दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर वाट बघा. दहा टक्क्यांहून जास्त घटलं, किंवा तोंडातून फेस, श्वासाला घरघर असं काही दिसलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा.

पण पुष्कळदा उंदीरच गार असतो. फ्रीजरमधला उंदीर आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून अर्धा तास कोमट पाण्यात, आणि शेवटची पाच मिनिटं गिझरच्या गरम पाण्यात. पोट दाबून बघा, आत कडक गोळा लागला तर अजून थांबा. बाहेरून अडतीस ते चाळीस अंश हवा. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका. आतडी आधी शिजतात आणि पोट फुटतं. उंदराचा घेर सापाच्या सर्वात जाड भागाएवढा. पिल्लाला आठवड्यातून एकदा, सापाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास; मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी, पाच टक्के पुरेत. जिवंत उंदीर टाकीत सोडून झोपी जाणं हा शुद्ध निष्काळजीपणा. भूक नसलेल्या सापाची पाठ उंदीर हाडापर्यंत कुरतडतो.

(दृश्य: डिसेंबरची पहाट. टाकीत अर्धवट पचलेला उंदीर.)

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. साप स्वतःची ऊब तयार करत नाही. टाकीची गरम बाजू एकतीस ते तेहतीस अंशांवर हवी, थंड बाजू पंचवीस ते सत्तावीसवर. त्याखाली घसरली की पचन मंदावतं, उंदीर पोटात कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. खाल्ल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत हातात घेतलं, किंवा उंदीर फार मोठा होता, तरीही हेच घडतं. ओकल्यावर लगेच दुसरा उंदीर देण्याचा मोह आवरा. नुसतं पाणी ठेवा, किमान दोन आठवडे थांबा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा द्या.

टाकीखालची हीटिंग मॅट थर्मोस्टॅटशिवाय (ठरावीक तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय) लावायची नाही, आणि त्याचा सेन्सर मॅट आणि टाकीच्या तळाच्या मधे बसवायचा. जाळीच्या झाकणावर जाड कापड टाकलं तर ऊब टिकते; हवेला फट मात्र ठेवा. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको, तेव्हा जेवण बुधवारी रात्री न देता गुरुवारी, वीज आल्यावर द्यावं.

(दृश्य: ओल्या कागदाला चावणारा कॉर्न स्नेक.)

आता वासाच्या गमती. उंदीर ठेवलेल्या टिश्यूलाही उंदराचाच वास येतो, त्यामुळे भुकेला साप टिश्यूसकट गिळतो. तोच वास बोटांना लागला की बोटं म्हणजे उंदीर. साबणाने हात धुवा, उंदीर कोरडा पुसा, कागद लगेच उचला.

हॉगनोज हा वर वळलेल्या नाकाचा अमेरिकी साप निसर्गात मुख्यतः बेडूक खाणारा. त्याच्या पिल्लाला उंदीर हे अन्नच वाटत नाही. मग उंदराचं नाक ट्यूनाच्या डब्यातल्या पाण्यात बुडवायचं आणि दर वेळी पाणी थोडं कमी करत जायचं. पावसाळ्यात पाषाण तलावाकाठचा बेडूक पकडून त्याचा वास लावण्याची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका. त्याबरोबर परजीवी येतात. आणि दूध? नागपंचमीच्या वाटीतलं दूध तहानलेला साप पितो, पण ते त्याला पचत नाही.

(दृश्य: एप्रिलची दुपार, वरच्या मजल्यावरची खोली. किंग स्नेक स्वतःच्या शेपटीसह वर्तुळात.)

आणि हा सर्वात भीतीदायक प्रकार. किंग स्नेक (किंग कोब्रा नव्हे, अमेरिकेतला बिनविषारी साप) निसर्गात दुसरे साप खातो, म्हणून तो कायम एकटाच ठेवतात. उकाड्यात टाकी तापली, जागा अपुरी असली किंवा शेपटीला उंदराचा वास लागला, की स्वतःची शेपूटही त्याला भक्ष्य वाटते. ओढू नका. दात मागे वळलेले असतात. ओढलं की मांस फाटतं. आधी हीटर बंद करा आणि सापाला उथळ, साध्या पाण्यात ठेवा. तरी सोडत नसेल तर ओठांच्या कोपऱ्याला हँड सॅनिटायझरचा एक थेंब लावा. चव नकोशी होऊन बहुतेक साप तोंड उघडतात. घशात जाईल इतका ओतू नका.

सुटल्यावर शेपटीवरच्या जखमा तपासा, आठवडाभर उपाशी ठेवा आणि टाकीची थंड बाजू अठ्ठावीसच्या खाली आणा. निम्मी शेपूट आत गेली असेल तर घरी प्रयोग न करता थेट दवाखाना.

जाता जाता कायद्याचं. धामण, नाग, अजगर, मांडूळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. ते घरात ठेवणं गुन्हा. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. दवाखान्यात जाताना ती पावती आणि वजनाची वही, दोन्ही बरोबर घ्या.