प्रार्थनेतील धैर्य कोठून येते?

श्रोतेहो, नमस्कार. वर्षानुवर्षे नियमितपणे उपासनेला येणाऱ्या, पवित्र शास्त्र मन लावून वाचणाऱ्या एखाद्या व्यक्तीला "आता आपण प्रार्थना करावी" असे म्हटले की ती संकोचते आणि शेजारच्याकडे पाहू लागते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. चारचौघांतला हा संकोच फारसा गंभीर नाही. एकांतात गुडघे टेकल्यावर "माझ्यासारख्याचे देव कशाला ऐकेल?" असे जे मनात येते, ते अधिक खोलवर पोहोचते आणि कित्येकांची प्रार्थना तेथेच थांबते. अशी माणसे प्रार्थनेचे धैर्य स्वतःच्या ठायी शोधतात आणि तेथे ते सापडत नाही म्हणून खचतात, असे मला वाटते.

लेवीय पुस्तकाच्या 16व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. अंतरपटाच्या आत, म्हणजे निवासमंडपाच्या सर्वांत आतल्या परमपवित्रस्थानात, केवळ प्रमुख याजकाने, वर्षातून एकाच दिवशी जायचे असे. स्नान करून, तागाची पवित्र वस्त्रे घालून, धुपाटण्यात वेदीवरचे निखारे आणि ओंजळभर सुगंधी धूप घेऊन तो आत जाई, कारण धुपाच्या धुराने दयासन, म्हणजे कराराच्या कोशावरचे सोन्याचे झाकण, झाकले नाही तर त्याला मृत्यू येईल असे बजावलेले होते. मग यज्ञपशूचे रक्त तो बोटाने दयासनासमोर सात वेळा शिंपडत असे. हा सगळा धाक ध्यानात ठेवला म्हणजे इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचा शेवट किती विलक्षण आहे हे उमगते. आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती असलेला, आपल्याप्रमाणेच पारखला गेलेला आणि तरीही निष्पाप राहिलेला प्रमुख याजक आपल्याला लाभला आहे, म्हणून कृपेच्या राजासनाजवळ आपण धैर्याने जावे, असे तेथे लिहिले आहे. या धैर्याचे कारण आत जाणाऱ्याच्या योग्यतेत नसून आपल्यासाठी मध्यस्थी करणाऱ्या ख्रिस्तात आहे.

याचा अर्थ पापाकडे डोळेझाक करावी असा मुळीच नाही. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत असा कर वसूल करणारा, दूर उभा राहिला, वर पाहण्याचेही त्याला धाडस झाले नाही, आणि ऊर बडवून घेत त्याने केवळ दयेची याचना केली. नीतिमान ठरून घरी गेला तो हाच. उपवासांचा आणि दशांशाचा हिशेब मांडणारा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथाचा माणूस, नव्हे. ज्याला आपल्या अपात्रतेची टोचणी लागली आहे, त्याने म्हणूनच माघारी फिरू नये. पाप पदरी घेऊनच पुढे यावे.

शब्दांची चिंताही अशीच अनाठायी असते. शिलो येथील मंदिरात मूल नसल्याने व्याकूळ झालेली हन्ना प्रार्थनेत मनातल्या मनात बोलत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. आणि साक्षात एली याजकाला ती मद्य प्यायली आहे असे वाटले. जाणकार याजकाला जी प्रार्थना ओळखता आली नाही, ती परमेश्वराने ऐकली. (ध्वनिक्षेपकासमोर देवालाच सविस्तर बातम्या पुरवणाऱ्या आपल्या काही लांबलचक प्रार्थनांविषयी मी येथे अधिक बोलत नाही.) प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिले आहे.

धैर्य म्हणजे मागितलेले मिळणारच असा हट्ट, ही शिकवण मात्र मला मान्य नाही. ती आजाऱ्याच्या दुखण्यावर अल्पविश्वासाचा आरोप लादते. योहानाच्या पहिल्या पत्रात जे धैर्य सांगितले आहे, ते देवाच्या इच्छेप्रमाणे मागण्याचे आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी विनंती पित्याला स्पष्ट शब्दांत केली आणि त्याच प्रार्थनेत स्वतःची इच्छा पित्याच्या हाती सोपवली. पौलाने शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, आणि कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळाले. यांपैकी कोणाचाही विश्वास उणा होता असे कोण म्हणेल?

आणि विश्वास खरोखरच उणा असेल तर? मार्काच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आपल्या पीडित मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाने, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असा एका दमात दोन्हींचा उच्चार केला. विश्वास वाढवून मग ये, असे सांगून येशूने त्याला परत पाठवले नाही. त्याचा मुलगा त्याच वेळी बरा झाला.

आज ज्यांना प्रार्थनेची सुरुवातच सुचत नसेल, त्यांनी 13वे स्तोत्र उघडून सावकाश मोठ्याने वाचावे. ते अवघ्या सहा वचनांचे आहे. त्यात "किती काळ" असा प्रश्न दावीद देवाला चार वेळा विचारतो. तो प्रश्न तुमचाही असेल, तर तेथे थांबून स्वतःचे गाऱ्हाणे स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि मग पुढचे वचन वाचावे.