तुरा वाटाणी, अंडं निळं

(दृश्य: ट्रेमध्ये पांढरी, आभाळी, चॉकलेटी आणि शेवाळी अंडी)

शेवाळी अंडी देणारी कोंबडी पिल्लू असतानाच तुऱ्यावरून कशी निवडायची, ते बघू. कोंबडीच्या अंड्याला रंग चढतो तो दोनच रंगद्रव्यांचा. एक निळं, एक तपकिरी. ट्रेमधल्या बाकी सगळ्या छटा या दोघांच्या कमीजास्त प्रमाणातून येतात. मोबाइलवर फिरणारं कडकनाथचं काळं अंडं ही निव्वळ थाप. कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतं.

(दृश्य: फुटलेल्या शेवाळी अंड्याचं कवच, जवळून)

कवचाच्या आतला पापुद्रा नखानं सोलून काढा. आतली बाजू निळसर दिसते. निळं द्रव्य, म्हणजे बिलिव्हर्डिन, कवच बनत असतानाच त्यात आरपार मुरतं. तपकिरी प्रोटोपॉर्फिरिन मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरून चढतं, रंगाचा शेवटचा हात मारावा तसं. पांढऱ्या कवचावर हा हात बसला की तपकिरी अंडं, निळ्यावर बसला की हिरवं. तपकिरी जितकं गडद, तितकं हिरवं शेवाळाकडे झुकतं. अमेरिकेत परसात कोंबड्या पाळणारे अशा अंड्यांच्या कोंबडीला ऑलिव्ह एगर म्हणतात.

निळ्याचं मूळ दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्यांत. एका जुन्या विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात एका जनुकाशेजारी घुसून बसला आणि कवच निळं झालं, हे 2013 मध्ये उलगडलं. चीनमधल्या डोंगश्यांग कोंबड्यांतही तेच जनुक आणि तसाच विषाणू, पण घुसण्याची जागा वेगळी. म्हणजे हा अपघात दोनदा झाला.

(दृश्य: एकेरी तुऱ्याचा कोंबडा, शेजारी वाटाणी तुऱ्याचा)

आता तुरा. गावठी कोंबड्याचा उभा, करवतीसारखा असतो तो एकेरी. वाटाणी तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, त्यावर दाण्यांच्या तीन ओळी. वाटाणी गुण एकेरीवर मात करतो. त्याचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि निळ्या अंड्याचं जनुक त्याच गुणसूत्रावर त्याच्या अगदी शेजारी. कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रुकनर आणि हट यांनी 1939 मध्ये ही जोडी दाखवून दिली. पुढच्या पिढीत ती फुटते शंभरात तीन ते पाच पिल्लांत. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात. तुरा पहिल्या दिवशी दिसतो. म्हणजे पुढे निळं-हिरवं अंडं बहुतेक कोण देणार, हे पहिल्याच दिवशी कळतं. सगळा फायदा या फरकात आहे.

(दृश्य: माराँ कोंबड्यांच्या खुराड्यात अमेरिकाना कोंबडा)

अमेरिकाना जातीला वाटाणी तुरा आणि निळं अंडं. माराँला एकेरी तुरा आणि गडद तपकिरी अंडं. शुद्ध अमेरिकाना कोंबडा माराँ कोंबड्यांवर सोडला की पहिल्या पिढीची सगळी पिल्लं वाटाणी आणि सगळ्या माद्या हिरवं अंडं देणाऱ्या. पण हे हिरवं जरा फिकंच. शेवाळी हवं असेल तर पहिल्या पिढीतला नर पुन्हा माराँ माद्यांवर घ्यायचा. आता निम्मी पिल्लं वाटाणी, निम्मी एकेरी. एकेरी पिल्लं बाजूला काढा. त्यांतल्या जवळपास सगळ्या माद्या तपकिरी अंडीच देणार. 24 अंडी बसवून 18 पिल्लं निघाली असं धरा: नऊएक वाटाणी, त्यांत चार-पाच माद्या. म्हणून एका खेपेवर भागत नाही.

एका नरामागे आठ-दहा माद्या ठेवा. आधीचा नर काढल्यावर तीन आठवडे अंडी बसवू नका, कारण त्याचं बीज मादीच्या शरीरात टिकून राहतं आणि बाप कोण याचा घोळ होतो. अंडी थंड जागी, टोक खाली करून, सात दिवसांच्या आत मशीनमध्ये जायला हवीत. पंख्याच्या मशीनमध्ये तापमान 37.5 अंश, आर्द्रता 45 ते 50 टक्के. अठराव्या दिवशी फिरवणं बंद आणि आर्द्रता 65 च्या पुढे. आत पिल्लू वाढतंय का हे टॉर्च लावून बघताना गडद कवचातून सातव्या दिवशी काही धड दिसत नाही. घाईनं चांगली अंडी फेकली जातात ती इथेच. दहाव्या दिवसापर्यंत थांबा, खोलीत अंधार करा, टॉर्च जोरकस घ्या.

(दृश्य: तळहातावर एक दिवसाचं पिल्लू, चोचीवर भिंग)

चोचीच्या मुळापासून मागे बघा. एकेरी तुरा एका बारीक उभ्या रेघेसारखा, दोरा ठेवावा तसा. वाटाणी रुंद, चपटा. संकरित पिल्लात मधली ओळ उंच वाढून तुरा वेडावाकडा दिसतो आणि लोक त्याला एकेरी समजून काढून टाकतात. शंका आली तर रंगीत रिंग घालून तीन-चार आठवडे ठेवा. रिंग वेळोवेळी बदला, नाहीतर पायात रुतते.

आई निवडताना पहिल्या अंड्यांवर जाऊ नका. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक माराँ गडदच घालते. महिन्या-दोन महिन्यांनीही जिचा रंग टिकतो, तिची अंडी बसवा. गुलाबी तुऱ्याची (रोज कोम्ब; हे आकाराचं नाव, रंगाचं नव्हे) वायंडॉट जात या कळपात नकोच. गुलाबी आणि वाटाणी एकत्र आले की अक्रोडासारखा तुरा होतो आणि ओळखणं अवघड होतं. शिवाय दोन्हीकडून गुलाबी गुण मिळालेल्या नराचं बीज कमजोर असतं. अमेरिकानाऐवजी अरौकाना घेतली तर कानाजवळच्या झुपक्यांवर लक्ष ठेवा. झुपकेवाला नर झुपकेवाल्या मादीला लावला की चौथा हिस्सा पिल्लं शेवटच्या दिवसांत कवचातच मरतात, आणि बोल मात्र मशीनला लागतो.

(दृश्य: क्रीम लेगबार मादी, मग असील कोंबडा)

केंब्रिजमध्ये घडवलेली क्रीम लेगबार निळं अंडं देते, पण तुरा एकेरी. तिच्यात निळं जनुक एकेरी तुऱ्याशेजारी बसलंय, त्यामुळे माराँशी तिचा संकर केला तर तुरा काहीच सांगत नाही. आपल्याकडच्या असीलचं उलट. तुरा पक्का वाटाणी, अंडं मात्र फिकट बदामी. असील नरापासून गावठी कोंबडीला वाटाणी तुऱ्याची कितीही पिल्लं झाली, तरी त्यांतली एकही निळं अंडं घालणार नाही. असील नर क्रीम लेगबारवर घेतला तर पिल्लं सगळी वाटाणी दिसतील आणि निळ्याचं जनुकही सगळ्यांत असेल. पण त्यांतला नर पुढे गावठी माद्यांवर सोडलात, तर ठेवायची ती एकेरी पिल्लं, आणि काढायची ती वाटाणी.